गेम आर्टसाठी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का? अर्जापूर्वी करावयाची पडताळणी

व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या स्टुडिओत कलाकाराची निवड होते ती पोर्टफोलिओ पाहून. उमेदवाराची पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे, हे निवड करणारा आर्ट लीड (कलाविभागाचा प्रमुख) बहुधा शेवटी पाहतो आणि पुष्कळदा पाहतही नाही. तरीसुद्धा ललित कला, ॲनिमेशन किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून अनेक मराठी विद्यार्थी अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडे वळतात आणि त्यांपैकी काहींचा तो निर्णय अगदी योग्यही असतो. आपण त्या काहींमध्ये बसतो की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी कसे ताडून पाहावे, याची पद्धत येथे मांडली आहे. पायऱ्यांचा क्रम पाळावा. आधी काम, मग स्वतःची तयारी, मग पदवीचा उपयोग आणि त्यानंतरच संस्था, पैसा व व्हिसा. आपल्याकडे हा क्रम बहुतेक घरांत उलटा चालतो. आधी देश ठरतो, मग कर्ज, मग विद्यापीठ. आणि नेमके कोणते काम करायचे आहे, हा प्रश्न परदेशी पोहोचून पहिले सत्र संपेपर्यंत कोणी विचारतच नाही.

पहिली पायरी : कोणते काम करायचे ते एका वाक्यात लिहा

‘गेम आर्ट’ आणि ‘गेम डिझाइन’ ही दोन वेगळी कामे आहेत आणि समुपदेशकांच्या कार्यालयांत त्यांची सर्रास गल्लत होते. गेम डिझायनर खेळाचे नियम, पातळ्या, खेळाडूने घ्यायचे निर्णय आणि त्यांतील समतोल ठरवतो. गेम आर्टिस्ट त्या खेळात डोळ्यांना जे जे दिसते ते घडवतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरमधील एमएफए (ललित कलांतील पदव्युत्तर पदवी) हा गेम डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. नामांकित असला, तरी ज्याला दिवसभर मॉडेल घडवायचे आणि टेक्स्चर (मॉडेलच्या पृष्ठभागाचे रंग व पोत) रंगवायचे आहेत त्याने तेथे जाणे म्हणजे दोन वर्षे भलत्याच वर्गात बसणे होय.

गेम आर्टमध्येही अनेक शाखा आहेत आणि पदव्युत्तर शिक्षणाचा उपयोग प्रत्येक शाखेत सारखा नाही. प्रॉप आणि एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट, म्हणजे वस्तू आणि परिसर घडवणारे कलाकार, यांना पदवीची गरज सर्वांत कमी भासते, कारण त्यांचे काम चित्रांतून पूर्णपणे दिसते आणि ते शिकण्याची साधने सहज उपलब्ध आहेत. कॅरॅक्टर आर्टिस्टला शरीररचनेचा सखोल अभ्यास लागतो, मात्र तो चांगल्या शिक्षकाकडे विद्यापीठाबाहेरही होऊ शकतो. कन्सेप्ट आर्टिस्टच्या, म्हणजे खेळातील जग आधी चित्रांत कल्पून देणाऱ्याच्या, जागा मुळातच मोजक्या असतात आणि चित्रकलेचा पाया कच्चा असेल तर कोणतीही पदवी तेथे कामी येत नाही. टेक्निकल आर्टिस्टची गोष्ट मात्र निराळी आहे. शेडर (पृष्ठभाग पडद्यावर कसा दिसावा हे ठरवणारा छोटा प्रोग्राम) लिहिणे, कलाकारांसाठी टूल तयार करणे, खेळ अडखळू नये म्हणून दृश्याचा भार कमी करणे ही कामे कला आणि प्रोग्रामिंग यांच्या सीमेवर असल्यामुळे संगणक अभियांत्रिकी करून कलेकडे येणाऱ्या, किंवा कलेतून प्रोग्रामिंगकडे जाणाऱ्या व्यक्तीला दोन वर्षांच्या शिस्तबद्ध अभ्यासाचा खरा लाभ होतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठासारख्या ठिकाणी या शाखेचा स्वतंत्र विचार झालेला आहे.

‘मला गेम इंडस्ट्रीत काम करायचे आहे’ हे वाक्य या पायरीवर चालणार नाही. ‘मला ऐतिहासिक परिसर घडवणारा एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट व्हायचे आहे’ हे चालेल. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर अर्जाचा विचार एक वर्ष पुढे ढकलावा. त्या वर्षात नुकसान काहीच होत नाही.

दुसरी पायरी : घरच्या घरी परीक्षा द्या

ही पायरी सर्वांत जास्त वेळ घेणारी आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे. सहा ते आठ आठवडे राखून ठेवून एकच वस्तू स्टुडिओच्या दर्जाने पूर्ण करावयाची. उदाहरणादाखल पेठेतल्या जुन्या वाड्याचा मुख्य दरवाजा घेऊ : दोन फळ्या, त्यांपैकी एकीत दिंडी (ये-जा करण्याचा छोटा दरवाजा), दगडी उंबरठा, चौकटीवर गणेशपट्टी, कडी-कोयंडा आणि ओळीने ठोकलेले लोखंडी खिळे. प्रत्यक्ष जाऊन छायाचित्रे काढावीत, माप टेपने घ्यावे आणि मगच संगणकासमोर बसावे. मॉडेल घडवण्याचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. खेळ ज्यात उभा राहतो ते अनरियल इंजिनही शिकण्यासाठी विनामूल्य वापरता येते. टेक्स्चरसाठी सबस्टन्स पेंटर हे या व्यवसायातील रूढ साधन आहे.

काम ठरावीक क्रमाने जाते. प्रथम साध्या ठोकळ्यांतून प्रमाण साधावे. मग सगळे बारकावे असलेले हाय-पॉली मॉडेल करावे, त्यावरून खेळात प्रत्यक्ष चालणारे हलके लो-पॉली मॉडेल तयार करावे, त्याचे यूव्ही उलगडावे (म्हणजे टेक्स्चर बसवण्यासाठी पृष्ठभाग सपाट पसरावा), बारकावे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या प्रतिमेत, बेक करावेत (उतरवावेत), टेक्स्चर रंगवावे आणि शेवटी इंजिनमध्ये प्रकाशयोजना करून दरवाजा उभा करावा. प्रत्येक टप्प्यावर एक निर्णय दडलेला असतो. खिळ्यांची टोके बाजूने पाहिल्यावर दरवाज्याच्या कडेबाहेर दिसतात का? दिसत असतील तर तेथे खरी भूमिती हवी. दिसत नसतील तर नॉर्मल मॅपवर भागते आणि मॉडेल ज्यांचे बनते ते शेकडो त्रिकोण वाचतात. गणेशपट्टीचे कोरीवकाम आणि चौकटीची नक्षी एकाच ट्रिम शीटवर (नक्षीच्या अनेक पट्ट्या असलेल्या सामायिक टेक्स्चरवर) बसवता येईल का, म्हणजे तेच टेक्स्चर वाड्याच्या खांबांना आणि तुळयांनाही वापरता येईल?

नवख्याचे काम ओळखू येते ते झिजेवरून. सॉफ्टवेअरमधील एक कळ दाबली की वस्तूच्या प्रत्येक कडेवर सारखीच झीज उमटते आणि नवखा कलाकार तेवढ्यावर समाधान मानतो. खरा दरवाजा तसा झिजत नाही. कडीभोवतीचे लाकूड हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत आणि काळपट झालेले असते, उंबरठा मध्यभागी खचलेला असतो आणि कोपऱ्यांत जवळजवळ कोरा राहतो, पावसाचे ओघळ फळ्यांच्या खालच्या भागात जमतात, खिळ्यांचा गंज गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनेच खाली उतरतो, आणि दिंडीची बाजू, माणसांची रोजची ये-जा तिच्यातूनच असल्यामुळे, उरलेल्या दरवाज्यापेक्षा जुनी दिसते. आर्ट लीड पोर्टफोलिओतील एका चित्रावर जे काही क्षण घालवतो, त्यांत त्याची नजर हेच शोधत असते.

काम पूर्ण झाल्यावर ते आर्टस्टेशन या कलाकारांच्या संकेतस्थळावर टाकावे. अंतिम चित्रासोबत वायरफ्रेम (मॉडेलचा रेषांचा सांगाडा), टेक्स्चर मॅप आणि त्रिकोणांची संख्याही द्यावी. त्यानंतर स्टुडिओत प्रत्यक्ष काम करणाऱ्या एखाद्या कलाकाराकडून परखड अभिप्राय मिळवून तेच काम पुन्हा सुधारावे. मित्रांच्या ‘भारी झालंय’ला येथे किंमत नाही.

आता निकाल वाचावा. अभिप्राय मिळाल्यावर चुका नेमक्या समजल्या आणि दुसऱ्या खेपेला काम लक्षणीय सुधारले, तर तुम्हाला पदवीची गरज फारशी नाही. असेच आणखी चार-पाच प्रकल्प करावेत आणि नोकरीसाठी अर्ज सुरू करावेत. काम दुसऱ्या आठवड्यातच थांबले आणि त्याचे कारण वेळेची शिस्त नसणे हे असेल, तर मार्गदर्शकासह चालणारा ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा. सीजीएमए, थिंक टँक, नोमोन अशा संस्था याच कामासाठी ओळखल्या जातात आणि त्यांचे सुटे अभ्यासक्रम दोन वर्षांच्या परदेशी पदवीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. तंत्र जमले परंतु प्रमाण, रचना आणि प्रकाश यांत गडबड असेल, तर उणीव चित्रकलेच्या पायाची आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मिळालेली ‘अ’ श्रेणी येथे पुरावा ठरत नाही. वर्षभर रोज प्रत्यक्ष पाहून रेखाटन करावे. आणि दरवाजा करण्यापेक्षा त्याच्या ओल्या लाकडाचा शेडर जुळवण्यातच तुमचे दिवस गेले असतील, तर पहिल्या पायरीवर परत जाऊन टेक्निकल आर्टचा विचार करावा.

तिसरी पायरी : पदवीचे चार खरे उपयोग

माझ्या समजुतीप्रमाणे गेम आर्टमधील पदव्युत्तर पदवीचे उपयोग चारच आहेत. त्यांपैकी किमान दोन तुमच्या बाबतीत लागू पडत असतील, तरच पुढच्या पायऱ्या वाचण्यात अर्थ आहे.

पहिला उपयोग संघात काम करण्याच्या अनुभवाचा. एकट्याने केलेला पोर्टफोलिओ कितीही सुंदर असला तरी तुमचे मॉडेल दुसऱ्याच्या खेळात बसते का, हे त्यातून कळत नाही. ऑरलँडोतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाची एफआयईए ही संस्था २००५ पासून कला, प्रोग्रामिंग आणि निर्मिती व्यवस्थापन या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणून सोळा महिन्यांत खेळ तयार करून घेते. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या गिल्डहॉलची (स्थापना २००३) रीतही अशीच संघप्रधान आहे. कार्नेगी मेलनच्या एंटरटेन्मेंट टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांचे संघ बदलत राहतात आणि थोड्या थोड्या मुदतीत नवनवी आभासी विश्वे उभी करावी लागतात. अशा प्रकल्पात तुमचा दरवाजा प्रोग्रामर परत पाठवतो, कारण त्याचे कोलिजन (खेळाडू कोठे अडावा याची अदृश्य हद्द) चुकलेले असते आणि खेळाडू उंबरठ्यावर अडकतो. लेव्हल डिझायनर तो परत पाठवतो, कारण दिंडीची उंची खेळातील पात्राच्या उंचीशी जुळत नाही. आणि निर्मिती सांभाळणारा विचारतो की फाइलचे नाव ठरलेल्या पद्धतीने का दिलेले नाही. स्टुडिओतील पहिले वर्ष याच गोष्टी शिकण्यात जाते. तथापि हा अनुभव गेम जॅममधून (थोड्या दिवसांत संघाने खेळ तयार करण्याच्या उपक्रमांतून) आणि लहान स्वतंत्र संघांतूनही काही प्रमाणात मिळतो, हे लक्षात असू द्यावे.

दुसरा उपयोग अध्यापनाचा आणि तो निर्विवाद आहे. अमेरिकेत स्टुडिओ कलाशाखांमध्ये एमएफए ही सर्वोच्च व्यावसायिक पदवी मानली जाते आणि विद्यापीठात पूर्णवेळ शिकवण्यासाठी तीच सामान्यतः अपेक्षित असते. एमए तेथे कमी पडते. भारतात विद्यापीठीय अध्यापनासाठी सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट लागते. ज्याला पुढे शिकवायचे आहे त्याने पदवी घ्यावी. फक्त नोकरी आधी आणि पदवी नंतर असा क्रम ठेवल्यास वर्गात सांगण्यासारखे काही गाठीशी असते.

तिसरा उपयोग क्षेत्र बदलण्याचा : वास्तुविशारद एन्व्हायर्न्मेंट आर्टकडे येतो, अभियंता टेक्निकल आर्टकडे, शिल्पकार कॅरॅक्टरकडे. नोकरी सांभाळून हा बदल करता येत नसेल तर अभ्यासक्रम म्हणजे विकत घेतलेला वेळ असतो आणि त्या वेळेची किंमत पाचव्या पायरीत मोजायची आहे.

चौथा उपयोग दुसऱ्या देशाच्या रोजगार बाजारात कायदेशीर प्रवेशाचा. बहुसंख्य विद्यार्थी मनातून यासाठीच जातात आणि अर्जात मात्र दुसरेच काही लिहितात. त्यात गैर काहीच नाही, परंतु स्वतःशी तरी हे कबूल करावे. हाच प्रमुख हेतू असेल, तर अभ्यासक्रमाच्या दर्जापेक्षा व्हिसाची अट निर्णायक ठरते आणि सगळी आकडेमोड बदलते.

‘ओळखी वाढतील’ हा पाचवा उपयोग मी जाणूनबुजून यादीत घेतलेला नाही. ओळखी त्यांच्याच वाढतात ज्यांचे काम वर्गात उठून दिसते, आणि ज्यांचे काम उठून दिसते त्यांच्या ओळखी आर्टस्टेशनवर आणि डिस्कॉर्डवरही वाढतात.

चौथी पायरी : संस्था तपासा

संकेतस्थळावरील यशोगाथा वाचू नयेत. तेथे दहा वर्षांतील सर्वोत्तम विद्यार्थी एका पानावर मांडलेले असतात. त्याऐवजी लिंक्डइनवर संस्थेच्या मागील दोन तुकड्यांतील कलाशाखेचे विद्यार्थी शोधावेत आणि तिघांची माहिती टिपावी : आज काय काम करतात, पदवीनंतर पहिल्या नोकरीला किती महिने लागले, आणि प्रवेश घेताना त्यांचा पोर्टफोलिओ कसा होता. तिसरा मुद्दा सर्वांत बोलका आहे. यशस्वी झालेले सगळेच जण येण्यापूर्वीच तयार कलाकार होते असे दिसले, तर संस्था चांगले विद्यार्थी निवडते एवढेच सिद्ध होते. ती त्यांना घडवते असे नाही. त्यांच्यापैकी दोघांना सभ्य भाषेत, तीन ओळींत संदेश पाठवावा. भारतीय विद्यार्थी सहसा उत्तर देतात.

पात्रतेचा प्रश्न लवकर सोडवावा. अनेक अमेरिकी विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा करतात. चार वर्षांचे बीएफए झालेल्यांना अडचण येत नाही, मात्र तीन वर्षांची बीएस्सी ॲनिमेशन किंवा बीए असणाऱ्यांनी प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे. जुनी जी. डी. आर्ट ही पदविका आहे, पदवी नव्हे. तिच्या आधारे पदव्युत्तर प्रवेश मिळेल हे गृहीत धरू नये.

ब्रिटनमधील एमए साधारणपणे एका वर्षाचे असते. खर्च कमी आणि वेळही कमी, हा त्याचा गुण. पोर्टफोलिओ घडायला लागेपर्यंत वर्ष संपते, हा त्याचा दोष. डंडी येथील ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्येच संगणकीय खेळांची पदवी सुरू केली होती आणि त्या शहरात खेळांचा उद्योगही रुजलेला आहे. कॅनडात व्हँकुव्हरचे सेंटर फॉर डिजिटल मीडिया हे चार शिक्षणसंस्थांच्या सहकार्यातून चालते आणि मास्टर ऑफ डिजिटल मीडिया ही पदवी देते, मात्र तिचा भर शुद्ध कलेपेक्षा प्रकल्पांवर अधिक आहे.

भारतातील पर्याय अनेकजण पाहतच नाहीत. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा एम. डेस. आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये गेम आर्ट नसले तरी ॲनिमेशन डिझाइन आणि इंटरॅक्शन डिझाइनचे एम. डेस. आहेत आणि तेथील प्रवेशासाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. या अभ्यासक्रमांत मॉडेलिंगचे तंत्र कोणी हाताला धरून शिकवणार नाही. विचार करण्याची पद्धत मात्र शिकायला मिळते, आणि त्यांचा खर्च परदेशाच्या तुलनेत इतका कमी आहे की चूक झाली तरी घर कर्जात बुडत नाही.

पाचवी पायरी : पैसे कागदावर मांडा

समजा, ४० लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ५५,१०० रुपये येतो. पण हा हप्ता कर्ज घेतल्या दिवसापासून फेडायला सुरुवात केली तरचा आहे. शिक्षण आणि सवलतीचा काळ मिळून अडीच वर्षे काहीच भरले नाही आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, तर सरळव्याजानेच ११ लाख रुपये वाढतात. मुद्दल ५१ लाख होते आणि हप्ता सुमारे ७०,२५० रुपयांवर जातो. प्रत्यक्षात रक्कम सत्रागणिक उचलली जाते, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल, परंतु बँकेतील अधिकारी पहिला हप्ता सांगतो आणि घरात तोच लक्षात राहतो.

आता दोन स्थितींचा हिशेब करावा. परदेशात त्या क्षेत्रात नोकरी मिळाली तर हा हप्ता जड असूनही झेपतो. नोकरी न मिळता परतावे लागले आणि पुण्यात किंवा बंगळुरात सुरुवातीचा पगार हातात ३५,००० रुपये आला, तर हप्ता पगाराच्या दुप्पट होतो आणि तो वडिलांच्या निवृत्तिवेतनातून किंवा गहाण टाकलेल्या फ्लॅटमधून जातो. दुसऱ्या स्थितीत घर तग धरेल का, याचे उत्तर ‘नाही’ असेल तर त्या रकमेचे कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या स्थितीची शक्यता कितीही मोठी वाटली तरी हे मत बदलत नाही.

खर्च कमी करण्याचे काही मार्ग आहेत. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांत कधी कधी असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करण्याच्या बदल्यात मिळणारी आर्थिक मदत) मिळते. प्रवेशपत्र आल्यावर ती लेखी मागावी. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देत आहे. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्ती योजनांना जागतिक क्यूएस क्रमवारीची अट असते आणि येथे एक पेच आहे : गेम आर्टसाठी नावाजलेल्या अनेक संस्था या क्रमवारीत वर नसतात, कारण क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते, विभागाची नव्हे. त्यामुळे या योजनांवर अवलंबून असणाऱ्यांनी आधी योजनेची चालू वर्षाची जाहिरात वाचावी आणि मग संस्थांची यादी करावी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हेही हिशेबात धरावे.

सहावी पायरी : व्हिसाची अट पदवीच्या नावाखाली वाचा

अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरील विद्यार्थ्याला शिक्षणानंतर ओपीटी या काम करण्याच्या परवानगीखाली बारा महिने काम करता येते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. हे ठरते ते पदवीच्या नावावरून नव्हे, तर विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या प्रवेशपत्रकावरील सीआयपी क्रमांकावरून, म्हणजे अभ्यासविषयाच्या अधिकृत वर्गीकरण क्रमांकावरून. ॲनिमेशन आणि इंटरॅक्टिव्ह तंत्रज्ञानाचा १०.०३०४ हा क्रमांक स्टेम यादीत आहे. ललित कलांच्या ५० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही. दोन विद्यापीठांतील एकसारख्या दिसणाऱ्या अभ्यासक्रमांना वेगवेगळे क्रमांक असू शकतात, आणि त्या एका ओळीमुळे एक वर्ष की तीन वर्षे हे ठरते. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच सीआयपी क्रमांक लेखी विचारावा.

नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या वार्षिक ६५,००० जागांव्यतिरिक्त २०,००० जागा अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी असतात, परंतु ती पदवी सार्वजनिक किंवा ना-नफा संस्थेची असावी लागते. कला आणि गेम शिकवणाऱ्या काही अमेरिकी संस्था नफ्यासाठी चालवल्या जातात. तेथील पदवीधर या राखीव जागांत बसत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले; अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना ते लागू नसल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले. हे नियम तुमचे शिक्षण संपेपर्यंत तसेच राहतील असे मानू नये.

ब्रिटनमध्ये पदवीनंतरचा ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी तो अठरा महिन्यांचा होणार आहे. त्यानंतर लागणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नवोदितांसाठी ती काहीशी कमी असली तरी ज्युनियर आर्टिस्टच्या पगाराशी तिची गाठ पडणे कठीण जाते. कॅनडात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांना, अभ्यासक्रम दोन वर्षांहून कमी असला तरी, तीन वर्षांपर्यंतचा वर्क परमिट मिळू शकतो. केवळ याच निकषावर पाहिले, तर सध्या कॅनडाचे पारडे जड आहे.

सातवी पायरी : बाजार पाहा, पण त्यावरून घाबरू नका आणि हुरळूही नका

२०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातील १,९००, युनिटीने सुमारे १,८०० आणि सोनीने प्लेस्टेशन विभागातील सुमारे ९०० लोकांना कमी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दृश्यपरिणाम (व्हीएफएक्स) करणारा टेक्निकलर समूह कोसळला आणि त्याची भारतातील केंद्रेही बंद पडली. याचा नवख्यावर होणारा परिणाम सरळ आहे : ज्युनियरच्या जागेसाठी पाच वर्षांचा अनुभव असलेला माणूसही अर्ज करतो. पदवी त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. नेमके आणि उत्तम काम कदाचित करू शकेल.

दुसरीकडे, महाराष्ट्रातील कलाकाराला पहिली नोकरी शोधण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. पुण्यात सुमो हा गेम स्टुडिओ २००७ पासून आणि युबीसॉफ्ट २००८ पासून आहे. मुंबईतही युबीसॉफ्टचा स्टुडिओ २०१८ मध्ये सुरू झाला. ‘राजी’ हा २०२० मध्ये आलेला खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा आहे आणि ‘इंडस’ हा खेळ पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. बंगळुरात रॉकस्टारचा मोठा स्टुडिओ आहे. गुरुग्रामच्या लक्ष्य डिजिटलसारख्या, इतर कंपन्यांच्या खेळांसाठी कंत्राटी काम करणाऱ्या आउटसोर्सिंग स्टुडिओंना नावे ठेवण्याची एक फॅशन आहे आणि तेथे वर्षानुवर्षे केवळ खोकी आणि पिंपे करणारे कलाकार असतात, हेही खरे. परंतु मोठ्या खेळांच्या तांत्रिक अटी, मुदती आणि परदेशी आर्ट डायरेक्टरचे लाल शेरे यांची सवय तेथेच लागते, आणि वर पगारही मिळतो. दोन वर्षे असे काम करून मग पदव्युत्तर अर्ज केला, तर प्रवेशाचा पोर्टफोलिओ सुधारतो, असिस्टंटशिपची शक्यता वाढते आणि पदवी नकोच असे वाटू लागण्याचीही शक्यता असते.

आठवी पायरी : दोन्ही उत्तरांची तयारी

उत्तर ‘जायचे नाही’ असे आले, तर तो निर्णय मोकळा सोडू नये. अठरा महिन्यांची मुदत ठरवावी, एका शाखेतील चार पूर्ण प्रकल्प हे उद्दिष्ट ठेवावे, एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे आणि सक्षम ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाचे पैसे बाजूला काढावेत आणि दर तिमाहीला त्याच परखड कलाकाराकडून अभिप्राय घ्यावा. घरच्यांनाही ही मुदत सांगून ठेवावी, म्हणजे ‘नुसता घरी बसून गेम खेळतो’ हे वाक्य निदान दीड वर्ष ऐकावे लागणार नाही.

उत्तर ‘जायचे’ असे आले, तर अमेरिकेतील शरद सत्रासाठी बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणून पोर्टफोलिओ ऑक्टोबरपर्यंत तयार हवा. प्रवेशसमितीला पाठवायचा पोर्टफोलिओ स्टुडिओला पाठवायच्या पोर्टफोलिओहून थोडा वेगळा असतो : तिला अंतिम मॉडेलसोबत रेखाटने, फसलेले प्रयत्न आणि कामाची प्रक्रियाही पाहायची असते. हेतुपत्रात लहानपणी कोणता खेळ खेळला हे लिहू नये, कारण प्रत्येक जण तेच लिहितो. पहिल्या पायरीवर लिहिलेले वाक्य तेथे ठेवावे आणि ते काम त्या संस्थेतच का शिकायचे याची कारणे द्यावीत. अनेक अमेरिकी विद्यापीठे आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर उत्तर देण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, त्यामुळे मार्चमध्ये आलेल्या पहिल्या प्रस्तावावर घाईने अनामत रक्कम भरू नये. भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मिळालेल्या असाव्यात : सीआयपी क्रमांक, असिस्टंटशिपचे उत्तर, आणि गरज पडल्यास प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का याचे उत्तर. दरम्यान चांगल्या स्टुडिओतून नोकरीचे पत्र आले, तर तिसऱ्या उत्तराचा उपयोग करावा आणि नोकरी पत्करावी.